अरुंधतीसाठी येणारं रडू

नमस्कार मॅडम,

माझं वय ५४. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. 'आई कुठे काय करते!' ही मालिका मी पहिल्या दिवसापासून पाहिली. संध्याकाळी साडेसातला लागायची तेव्हा भाकऱ्या आधी थापून मोकळी व्हायचे. नंतर ती दुपारी अडीचला गेली, तर मी दुपारचं पडणं सोडलं. नोव्हेंबर २०२४ला ती संपली आणि घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. आता रात्री सगळे झोपले की मोबाइलवर जुने भाग लावते. एक-दीड वाजतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून रडते.

मुलगी पुण्यात असते. ती म्हणते, "आई, ती नटी आहे, तिला रडायचे पैसे मिळतात." माझ्या नवऱ्याचं बाहेर काही नाही. दारू नाही, मारझोड नाही, सरळ माणूस आहे. मग मालिकेतल्या त्या अरुंधतीचं दुःख मला का लागावं? खरं सांगते, तिच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं, आणि संजनाचं अरुंधतीला कळलं तेव्हा मला रडू आलंच नव्हतं, रागच आला होता. पण आप्पा, तिचे सासरे, तिची बाजू घेऊन बोलायला लागले की मला धरवत नाही. धाकटी बहीण म्हणते, तू पण अरुंधतीसारखी उभी राहा, किती दिवस राबणार? मला कळत नाही, कुठून उठायचं आणि कुठे उभं राहायचं. मला वेड लागलंय का?

तुमची एक अरुंधती

(पत्र चार पानांचं आहे. इथे थोडक्यात दिलं आहे.)

नमस्कार ताई,

वेड लागलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

पडद्यावरच्या माणसावर जीव जडणं ही फार जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोहोचत होता तेव्हाच, १९५६मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी तिच्यावर लिहून ठेवलंय. पडद्यावरचं माणूस ठरल्या वेळी रोज घरात येतं, त्याचा आवाज, चालणं-बोलणं ओळखीचं होतं, त्याचं बरं-वाईट आपलं वाटायला लागतं. फक्त त्याच्या बाजूनं आपण कुणीच नसतो. पण ओळख एकतर्फी असली म्हणून ती खोटी ठरत नाही. अरुंधती तुमच्या घरी डिसेंबर २०१९पासून जवळजवळ पाच वर्षं येत होती. सख्खी नणंद तरी इतक्यांदा येते का? ती यायची थांबल्यावर घर रितं वाटणारच.

मुलीला रागावू नका. तिला एवढंच सांगा, की ती नटी आहे हे मला ठाऊक आहे, मधुराणी गोखले-प्रभुलकर हे तिचं नावही मला ठाऊक आहे.

आणि तुम्ही एकट्याही नाही. ही गोष्ट मुळात बंगालीतली. २०१९मध्ये तिथे ती 'श्रीमोयी' म्हणून सुरू झाली. त्यावरून मराठीत अरुंधती आली, मग हिंदीत अनुपमा आली, आणि तमिळ, तेलुगू, मल्याळममध्येही हीच बाई निरनिराळ्या नावांनी उभी राहिली. साड्या वेगळ्या, सण वेगळे, स्वयंपाक वेगळा. तरी इतक्या ठिकाणच्या बायकांनी तिला पाहताक्षणी ओळखलं.

पण ओळखलं म्हणजे प्रत्येकीनं तेच ओळखलं असं नसतं. म्हणून तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन्ही वेळा अरुंधतीबद्दलचंच वाचलं, कारण चारही पानं तिनंच भरली आहेत. तिसऱ्यांदा समासात बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. लिहून झाल्यावर सुचलं, म्हणून कागद आडवा धरून लिहिलेलं दिसतंय.

तिसऱ्या पानाच्या कडेला आहे: "लाडकी बहीणचं खातं आधारला जोडायला मुलाबरोबर बँकेत गेले होते. काउंटरवर विचारलं, काकूंचा व्यवसाय काय? मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, काही नाही, घरीच असते. मी गप्प बसले. घरी येऊन उधारीची वही लिहिली."

आणि चौथ्याच्या कडेला: "आमचे तात्या (सासरे) २०२०ला करोनात गेले. मी रोज रात्री वहीची बेरीज केली की ते तपासायचे आणि खाली निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे. सगळ्यांसमोर म्हणायचे, हिचा हिशेब चुकत नाही. आता खूण करायला कोणी नाही. असो."

हा 'असो' तुम्ही दोनदा गिरवलाय. शाई कागदाच्या मागच्या बाजूला उतरलीय.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच समासात लिहून पाठवलंय. नवऱ्यानं फसवलेल्या अरुंधतीत तुम्ही स्वतःला पाहिलं असतं, तर ते सगळं उघडकीला आलं त्या भागात रडला असता. तेव्हा तुम्हाला राग आला, जसा शेजारणीवर अन्याय झाला की येतो. रडू आलं ते आप्पा बोलले तेव्हा. त्या घरात अरुंधती काय करते, किती करते, हे बघणारं आणि चारचौघांत बोलून दाखवणारं एक म्हातारं माणूस होतं. तुमच्या घरातही होतं. ते गेलं.

आणि कसं गेलं ते आठवा. २०२०मध्ये अंत्यविधीला वीसच्या वर माणसं चालत नव्हती. करोनानं गेलेल्या माणसाचं तोंडसुद्धा कित्येक घरांना नीट बघायला मिळालं नाही. भेटायला कुणी आलं नाही, दहावं-तेरावं कसंबसं उरकलं. सून म्हणून तुमच्या वाट्याला घर निर्जंतुक करणं, यजमानांना सांभाळणं, दुकान बंद की चालू हे बघणं आलं असेल. सासऱ्यासाठी सुनेनं मोकळं रडावं अशी जागा आपल्या घरांत एरवीही फारशी नसते, तिथे त्या साली कुठून असणार? मग संध्याकाळी साडेसातला एक जागा मिळाली. तिथे रडलं तर कुणी का म्हणून विचारत नव्हतं. म्हणून मला त्या रडण्याची भीती वाटत नाही. ते तात्यांचं रडू आहे. उशिरा आलंय एवढंच.

बँकेतला प्रसंगही त्यातलाच. तात्या असते तर मुलाला तिथल्या तिथे टोकलं असतं, "काही नाही काय? दुकान कुणाच्या जिवावर चालतंय?" पण कुणीच काही बोललं नाही. तुम्हीही नाही. ज्या मालिकेच्या नावातच हा टोमणा आहे, ती तुम्ही पाच वर्षं पाहिलीत आणि एक दिवस तेच वाक्य पोटच्या पोरानं परक्या माणसासमोर उच्चारलं. पोटात तुटलं असणार.

मुलानं ते दुष्टपणानं म्हटलेलं नाही, हे मला पत्रावरूनही कळतं. त्याला ते दिसतच नाही. आणि तो एकटा तसा नाही. केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी आहे, लोकांचे दिवसाचे तास कशात जातात ते ती मोजते. २०१९च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या, आणि पुरुषांतले जे करत होते ते ९७ मिनिटं. २०२४मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा बायकांची २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे तुमची मालिका सुरू झाली ते साल आणि संपली ते साल. एवढ्या वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ! जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. रस्ते अपघातात नवरा-बायको दोघं गेले होते, बाई गृहिणी होती, तिच्या नावाची भरपाई किती धरायची हा प्रश्न होता. तेव्हा न्यायमूर्ती रमणा यांनी याच २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला निकालपत्रात दिला आणि गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरलंच पाहिजे असं बजावलं. देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाला जे लिहून सांगावं लागलं, ते एका पोराला काउंटरवर सुचलं नाही, यात नवल नाही. पण त्याला ते कळायला हवं, आणि ते तुमच्याकडून कळायला हवं.

शिवाय तुम्ही तर नुसतं घर सांभाळत नाही. पुड्या बांधता, मालाचं माप करता, उधारी लिहिता, कुणाकडे किती तुंबलीय ते तोंडपाठ ठेवता. गावातल्या किराणा दुकानाचा जीव उधारीच्या वहीत असतो. ती वही तुमच्या हातात आहे.

आता बहिणीचं म्हणणं. 'अरुंधतीसारखी उभी राहा.' इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय.

१९८४-८५मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' लागायची. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, सगळे तिथे गोळा व्हायचे. त्यात भागवंती नावाची आई होती. सगळ्यांचं सोसणारी, नवऱ्याची आणि सासूची बोलणी खाणारी. बाईनं असं मुकाट सोसत राहू नये, हे लोकांच्या लक्षात यावं म्हणून ते पात्र तसं रंगवलं होतं. माझी आई मात्र तिच्याकडे बघून म्हणायची, "बाई असावी तर अशी." पुढे मोठेपणी वाचलं, त्या मालिकेवर संशोधन झालं तेव्हा देशभरातल्या कितीतरी बायकांनी असंच सांगितलं होतं. भागवंती त्यांना आदर्श वाटली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, प्रश्न विचारायचे. आमच्या घरात मात्र आईला कुणी विचारलं नाही, की तुला तिच्यातलं एवढं काय भावलं? मीही नाही विचारलं. आज ती नाही, आणि मला राहून राहून वाटतं की त्या एका प्रश्नातून तिच्या तीस वर्षांच्या संसाराची गाठ सुटली असती.

सांगायचं ते हे, की पात्र आपल्याला आपली दुखरी जागा दाखवतं. त्या जागेचं काय करायचं, ते आपण शोधायचं असतं. अरुंधती घराबाहेर पडली, कारण तिचा नवरा दुसरीकडे गेला होता. तिच्या गळ्यात गाणं होतं आणि पुढे आशुतोषसारखा माणूस लेखकानं तिच्या वाटेवर आणून ठेवला. तुमची गोष्टच निराळी आहे. तिचा शेवट उचलून तुमच्या संसाराला जोडला, तर तो बसणार नाही.

आणखी एक होतं, आणि ते आपल्या नकळत होतं. आपण एकदा अरुंधती झालो की घरातल्या बाकीच्यांनाही भूमिका वाटून टाकतो. नवरा अनिरुद्ध होतो. मग तो साधं "मीठ जास्त झालंय" म्हणाला तरी ते अनिरुद्धच्या आवाजात ऐकू येतं. तुम्ही स्वतः लिहिलंय की माणूस सरळ आहे. ते धरून ठेवा. तुम्ही पत्रात मार, दारू, बाहेरचं प्रकरण किंवा खर्चायला पैसे न देणं यातलं काही लिहिलं असतं, तर मी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल आणि १८१ या महिला हेल्पलाइनबद्दल पानभर लिहिलं असतं. ज्या वाचक बायकांना त्याची गरज आहे त्यांनी तो नंबर जरूर लिहून ठेवावा. तुमच्या घरात मला गुन्हेगार दिसत नाही. बघायचं विसरलेली माणसं दिसतात.

तेव्हा यजमानांशी बोला. रात्री दुकान बंद करून, गल्ला मोजून झाल्यावर. जेवताना नको, मुलगा समोर असताना नको. अरुंधतीचं नाव काढू नका. काढलंत तर ते म्हणतील, "मालिका बघून डोकं फिरलंय तुझं," आणि विषय तिथेच संपेल. सुरुवात तात्यांपासून करा. "त्या दिवशी बँकेत तात्या असते तर काय म्हणाले असते?" एवढंच विचारा. मग काय झालं ते सांगा, आणि "मला ते लागलं" एवढं म्हणून थांबा. तीस वर्षांचं एका रात्री बाहेर काढू नका. ते सगळं खरं असलं तरी ऐकणाऱ्याला झेपत नाही, आणि मग तो स्वतःचा बचाव करायला लागतो. ते बहुतेक म्हणतील, "एवढं काय त्यात, पोरगं आहे." तेव्हा चिडू नका, उठूनही जाऊ नका. "तुम्हाला एवढंसं वाटतं, मला नाही वाटत," असं शांतपणे म्हणा.

आणि एक लक्षात ठेवा, तुमचे सासरे गेले तेव्हा यजमानांचे वडील गेले. त्यांना तरी कुठे रडायला मिळालं? दुकानाच्या फळीआड उभं राहून पुरुषमाणूस वडिलांसाठी रडत नाही. तात्यांचं नाव काढल्यावर ते आधी गप्प बसतील. त्या गप्प बसण्याला नकार समजू नका, थोडा वेळ द्या.

मुलाशी वेगळं बोला. त्याला शिक्षा करायची नाही, आठवडाभर वही त्याच्या अंगावर टाकून मजा बघायची नाही. ते मालिकेत शोभतं, खऱ्या दुकानात उधारीचा घोळ होतो. त्याला रात्री अर्धा तास शेजारी बसवा. तुम्ही लिहिता तेव्हा त्यानं नुसतं बघावं. कुणाला आणखी उधार द्यायचं आणि कुणाला हसत हसत थांबवायचं हे तुम्ही कसं ठरवता, ते त्याला सांगा. पुढे दुकान त्यालाच बघायचंय ना?

हिशेबाच्या कामाचे म्हणून दरमहा ठरावीक रक्कम तुमच्या खात्यात जमा व्हावी, हेही यजमानांशी बोला, पण पहिल्याच रात्री नको. खातं आता आहेच. दीड हजार सरकारकडून येतात ते येऊ देत. दुकानातून येतील ते तुमच्या कामाचे असतील, आणि त्या दोन नोंदींतला फरक पासबुकात तुम्हाला स्वतःला दिसेल. आणि पुढच्या वेळी कुठलाही फॉर्म भरताना पेन तुमच्या हातात घ्या. व्यवसायाच्या रकान्यात लिहा, किराणा दुकान, हिशेब.

मालिकेचे जुने भाग बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रात्री एक वाजता एकटीनं, पदर तोंडात धरून बघणं थांबवा. दुपारी बघा, आवाज मोठा ठेवून बघा. मुलगी पुण्याहून येईल तेव्हा तिला शेजारी बसवून आप्पांचा एखादा भाग दाखवा आणि "इथे मला तुझ्या आजोबांची आठवण येते" असं सांगा. ती पुन्हा नटीचं नाव काढणार नाही.

झोपेचं मात्र मनावर घ्या. तुमच्या वयात पाळी जाते, झोप मोडते, रडू लवकर येतं, त्यात थायरॉइड किंवा रक्त कमी असण्याचाही हात असू शकतो. ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. पंधरा दिवस झाले तरी जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदा जरी शिवला, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणाऱ्याला कुणी वेडं म्हणत नाही.

यजमानांशी कसं बोलायचं याची धास्ती वाटेल, तोंडातून शब्द फुटणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा एक करा. माळ्यावर जुन्या वह्या असतील, तात्या असतानाच्या. त्यातली एक काढा, पुसा आणि रात्री गल्ला मोजून झाला की यजमानांसमोर उघडून ठेवा. शेजारी आजची वही ठेवा. दोन्हीकडे अक्षर तुमचं, दोन्हीकडे बेरीज बरोबर. काही बोलू नका. या पानावर काय कमी आहे, ते त्यांचं त्यांना शोधू द्या. आणि निळी पेन्सिल जवळच ठेवा.